काही पाजलंय का?

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर बसलेले पशुसंवर्धन खात्याचे मोठे साहेब, आपल्या दूध संस्थेचे सर्व संचालक, ज्यांच्या निरोपासाठी आज आपण गाईंची वैरण आटोपून इथे जमलो त्या आमच्या डॉक्टरताई, समोर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, काका-दादांनो, आणि दाराशी चपला पायात घालूनच उभ्या राहिलेल्या घाईच्या मंडळींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

'अध्यक्ष महाराज' म्हणताना माझी जीभ थोडी अडखळली, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. संस्थेचे चेअरमन म्हणून ते तुमचे अध्यक्ष, पण घरी मी त्यांना नुसतं 'अहो' म्हणते, आणि त्यातही निम्म्या वेळा ते ऐकत नाहीत. आज माइक माझ्या हातात आहे आणि खुर्ची सोडून जायची त्यांना सोय नाही. अशी संधी लग्नानंतर पहिल्यांदाच आली.

कार्यक्रमपत्रिकेत आधी अध्यक्षीय भाषण आणि शेवटी आभार असं छापलेलं आहे. रीत तीच आहे. पण मी संयोजकांना सांगितलं की मला धारेला जायचंय, माझे आभार आधी उरकून घ्या. ते बिचारे हो म्हणाले. खरं सांगायचं तर धार मी काढूनच आले आहे. आधी का बोलायचं होतं ते ओघात येईलच.

तर सुरुवात आभारांनी. हा हॉल एरवी आपल्या दुधाच्या कॅनचा. आज सकाळी सगळे कॅन भिंतीशी रचून, फरशी सोड्याने धुऊन ज्यांनी इथे खुर्च्या मांडल्या त्या संकलन केंद्रावरच्या मंडळींचे आभार. तरी आंबूस वास येतोयच. तो जाणार नाही, तो आपल्या कपड्यांनाही असतो. साहेबांनी दोनदा नाकाला रुमाल लावला ते मी पाहिलं, साहेब, रागावू नका. माइकवाल्या दादांचे आभार. त्यांनी अजून एकदाही शिट्टी वाजू दिली नाही. आणि पंखा माझ्याकडे वळवणाऱ्या काकांचे विशेष आभार, कारण मला घाम फुटलेला आहे आणि तो उकाड्याचा नाही.

आता ताईंबद्दल.

ताई इथे बदलून आल्या तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्यांना विचारलं होतं, "डॉक्टर कुठे आहेत?" गमबूट घातलेली, बाही खांद्यापर्यंत वर सारलेली बाई समोर उभी आहे, आणि आपण तिच्या पाठीमागे कोणी पुरुष उतरतोय का ते बघतोय. ताई म्हणायच्या, "डॉक्टर मीच आहे. मागे फक्त गाडी आहे." वर्षभर हेच चाललं. त्यांच्या वाट्याला किती गावं, किती वाड्या-वस्त्या, ते तुम्ही जाणता. एका टोकाला अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून बसल्या असताना दुसऱ्या टोकाहून फोन येतो, आणि हात बाहेर काढता येत नाही म्हणून फोन वाजत राहतो. आपण काय म्हणतो? "बाई फोनच उचलत नाहीत." दवाखान्यातली वीज गेली की फ्रिजमधल्या लसी वाचवायला त्या बर्फाच्या कारखान्यात धावायच्या. एकदा तिथला माणूस म्हणाला, "ताई, सरबताचा मोठाच बेत दिसतोय." त्यावर त्यांनी त्याला अर्धा तास लाळ्या-खुरकुताची माहिती दिली. पुढच्या वेळी त्याने न विचारता बर्फ फोडून दिला.

शिकवलं किती. जनावराला पाणी दोन वेळा दाखवायचं नसतं, समोर ठेवायचं असतं, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत नव्हतं. माझ्याच गोठ्यात त्या मला म्हणाल्या होत्या, "तहान लागली की गाय तुम्हाला चिठ्ठी पाठवणार आहे का?" मी दुसऱ्याच दिवशी हौद बांधायला घेतला. दूध वाढलं तेव्हा आमचे हे म्हणाले, नवीन चाऱ्याचा गुण आहे. बरं, चाऱ्याचा तर चाऱ्याचा.

आणि ते कॅल्शियम. गाय व्यायली, दुधाला लागली, आणि एकाएकी पाय गळून खाली बसली. कान गार, मान वळवून पोटाशी लावलेली, डोळे असे की आता संपलं. या दुखण्याला दुग्धज्वर म्हणतात. नावात ज्वर आहे, पण ताप नसतोच, उलट अंग गार पडतं. सगळं कॅल्शियम दुधात उतरतं आणि अंगात काही उरत नाही. ताई यायच्या, मानेची शीर शोधायच्या, कॅल्शियमचं सलाइन हळूहळू सोडायच्या, एक हात सतत छातीवर ठेवून ठोके मोजायच्या. आणि थोड्या वेळात तीच गाय ढेकर द्यायची, शेण टाकायची आणि उठून वासराला चाटायला लागायची. बघणाऱ्याला वाटावं, जादू झाली. म्हणून तर तुम्ही पोरासोरांसकट त्यांना 'कॅल्शियमबाई' म्हणायला लागलात. त्यांना ते ठाऊक आहे. आवडत नाही, पण ठाऊक आहे.

आता थोडी तक्रारही करते, कारण नुसत्या कौतुकाचं भाषण कोणाला खरं वाटत नाही. ताई रागीट आहेत. नुसत्या रागीट नाहीत, जहाल आहेत. गोठ्यात पाऊल टाकलं की रामराम नाही, पाणी नाही, पहिला प्रश्न एकच. काय तो प्रश्न? बघा, सगळे हसताय म्हणजे सगळ्यांना पाठ आहे.

"काही पाजलंय का?"

तोही असा दरडावून की ज्याने खरंच काही पाजलं नाही त्यालाही घाम फुटावा. आणि उत्तर? उत्तरही सगळ्यांना पाठ आहे. "नाही." आपल्या गावात आजपर्यंत कोणीही कुठल्याही जनावराला काहीही पाजलेलं नाही. आमचे निवृत्त गुरुजी, ते बघा पहिल्या रांगेत बसलेत, त्यांच्या म्हशीच्या वेळी ताईंनी विचारलं, "काही पाजलंय का?" गुरुजी म्हणाले, "छे, छे, पाण्याचा थेंबही नाही." आणि गुरुजींच्या सदऱ्यावर गळ्यापासून खिशापर्यंत तेलाचा ओघळ. ताई फक्त ओघळाकडे बघत राहिल्या. गुरुजींनी हळूच वर्तमानपत्र छातीशी धरलं.

हसा, हसून घ्या. मीही तेव्हा पोट धरून हसले होते. म्हैस जगली म्हणून हसता आलं.

त्या हा प्रश्न का विचारतात, हे त्यांनी आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत नीट समजावून सांगितलं होतं. पुरुष मंडळी त्या दिवशी आली नव्हती, म्हणून पुन्हा सांगते. दुग्धज्वराने खाली बसलेल्या गाईला गिळता येत नाही. घसाच काम करत नाही. आपण मात्र चार जण मिळून तिचं तोंड वर करतो, जीभ बाहेर ओढतो आणि बाटलीने तेल ओततो. आपल्याला वाटतं, पोटात गेलं. ते पोटात जात नाही, छातीत उतरतं. मग कॅल्शियमने गाय उठते, आणि त्या तेलाने मरते. पाजलंय हे आधी कळलं तर ताई त्याच क्षणी छातीची औषधं सुरू करतात. तेवढ्यानेही दर वेळी जनावर वाचतं असं नाही, पण वाचायला वाव राहतो. 'नाही' म्हटलं की तोही राहत नाही.

मध्येच साहेबांचे आभार मानते, नाहीतर राहून जायचं. साहेब, तुम्ही एवढ्या लांबून, एवढ्या खड्ड्यांतून आलात. ताईंच्या बदलीची ऑर्डर तुमच्याच सहीने निघाली आणि तरी निरोपालाही तुम्हीच आलात, हा तुमचा मोठेपणा. तुमच्याकडे कागद जातो, आणि कागदावर जे लिहिलंय त्यावर तुम्ही चालणार. तुमचा दोष नाही. संचालक मंडळाचेही आभार. त्यांनी ताईंसाठी सुंदर सन्मानचिन्ह करून घेतलंय. त्यावर सोनेरी अक्षरांत 'मुक्या जीवांची माउली' असं कोरलंय. हा मजकूर ज्या टेबलाभोवती बसून ठरला, त्याच टेबलाभोवती, त्याच खुर्च्यांवर बसून ताईंच्या निष्काळजीपणाबद्दलचा तक्रारीचा ठरावही झाला होता. बहुतेक चहाही त्याच किटलीतला असेल.

आता शांतता झाली. बरं झालं, मला जोरात बोलायची सवय नाही.

आमच्या घरात दोन थोरल्या होत्या. एक मी, घरची थोरली सून. आणि दुसरी आमची गाय. तिलाही आम्ही थोरलीच म्हणायचो. "थोरलीला बोलवा" अशी हाक आली की आम्ही दोघी माना वळवायचो. सासूबाई म्हणायच्या, "दोघींत ती जास्त शहाणी." आमच्या ह्यांनी तिला वासरू असल्यापासून हाताने वाढवलेली. माझ्याशी दिवसभर चार शब्द न बोलणारा माणूस गोठ्यात तिच्याशी तासतासभर बोलायचा. मी कधी हेवा केला नाही. म्हणजे, थोडा केला.

ती व्यायली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाली बसली. मी तेव्हा घरी नव्हते. महिला मंडळाच्या कामाला बाहेरगावी गेले होते. यांनी ताईंना फोन केला, पण त्या पलीकडच्या वस्तीवर अडलेल्या गाईपाशी होत्या. "येते, तोवर काही करू नका," म्हणाल्या. आता तुम्हीच सांगा, आपलं लाडकं जनावर डोळ्यांसमोर गार पडत चाललंय, भोवती गाव गोळा झालंय, जो तो म्हणतोय, "चेअरमन, नुसतं बघत काय बसलात, निदान काहीतरी पाजा." अशा वेळी काही न करता बसून राहणं किती अवघड आहे. त्याला फार मोठी छाती लागते.

ताई आल्या. प्रश्न विचारला. उत्तर आलं. त्या वेळी तिथे उभे असलेले निम्मे लोक आज या हॉलमध्ये आहेत, त्यामुळे उत्तर काय आलं ते मी सांगायला नको.

कॅल्शियम दिलं, थोरली उठली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा तिला धाप लागलेली, नाकाशी फेस. ताई परत आल्या, रात्रभर जे जे हाताशी होतं ते केलं. सकाळी ती गेली. ताई म्हणाल्या, शवविच्छेदन करू, कशाने गेली ते कळेल. आमचे हे गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले. "माझ्या थोरलीला कोणी चिरायचं नाही." सगळ्यांना वाटलं, मायेपोटी. मायेपोटी होतंच. मी त्यांची बायको आहे, मला माहीत आहे. पण नुसतं मायेपोटी नव्हतं.

दुपारी मी चुलीकडे गेले. तेलाचा डबा मी भरून ठेवून गेले होते, तो तळाला गेला होता. आणि गव्हाणीमागे भुशात काचेची बाटली सापडली, तिच्या तोंडाला तेल आणि गाईची लाळ. मी यांना विचारलं. ते म्हणाले, "गप्प बस." मी तडक दवाखान्यात जाऊन ताईंना सांगितलं. मला वाटलं, आता या भडकणार, गावभर ओरडणार. त्या हात धूत होत्या. नळ बंद करून म्हणाल्या, "वहिनी, आता खरं बोलून ती उठणार आहे का? तुम्ही कोणाला सांगायचं नाही. चेअरमनची चारचौघांत नाचक्की झाली तर ते पुन्हा मला बोलावणार नाहीत, आणि त्यांचं बघून बाकीचेही बोलावणार नाहीत. दोष माझ्यावर राहू दे. लोकांनी मला बोलावत राहिलं पाहिजे, बस." मला शब्द द्यायला लावला. मी दिला.

ताई, तुम्ही मान हलवताय ते मला दिसतंय. थांबवू नका.

त्यानंतर गावात काय बोललं जायला लागलं? कॅल्शियमने काळीज जळतं. बाईने घाईघाईत सोडलं आणि चेअरमनची गाय मारली. खुद्द चेअरमनची. मग ठराव झाला. यांनी तो मांडला नाही, हे मी शपथेवर सांगते. कोणी दुसऱ्यानेच मांडला. यांनी फक्त नको म्हटलं नाही. आणि सही केली.

आज शिवणकाम करणाऱ्या काकू आल्या नाहीत. आपल्या निम्म्या गावाची पोलकी त्या शिवतात, कुठलाही कार्यक्रम चुकवत नाहीत, पहिल्या रांगेत बसतात. त्यांची एकुलती एक गाय मागच्या आठवड्यात तशीच व्याल्यावर खाली बसली. मी धावत गेले, म्हटलं, ताईंना बोलवा, अजून त्या इथेच आहेत. काकू म्हणाल्या, "नको गं बाई. कॅल्शियमने तुमच्या थोरलीचं काय झालं ते बघितलंय मी." त्यांनी बाजारातल्या, डॉक्टरकी न शिकता जनावरांना सुया टोचत फिरणाऱ्या सुईवाल्याला आणलं. त्याने ताकदीची म्हणून कसलीशी सुई टोचली आणि निघून गेला. मी काकूंचे पाय धरले, तरी ऐकेनात. गाय दुपारपर्यंत गेली. तिला कोणी तेल पाजलं नव्हतं. ती ताईंच्या हातून नक्की उठली असती. आमच्या थोरलीला तेलाने मारलं, काकूंच्या गाईला आमच्या थोरलीच्या नावाने मारलं.

मंडळी, मी शब्द मोडतेय. घरातलं घरात ठेवावं हे मला आईने शिकवलं आणि सासूबाईंनी ते पक्कं करून घेतलं. पण ताईंनी मला गप्प का राहायला सांगितलं होतं? लोकांनी बोलावत राहावं म्हणून. लोकांनी तर बोलावणं सोडलं. ज्यासाठी शब्द घेतला होता तेच उरलं नाही, मग तो मी कोणासाठी सांभाळू? उद्या ताईंच्या जागी नवीन कोणी येईल. येईल तेव्हा येईल, जागा किती दिवस रिकामी राहते ते आपण मागे पाहिलंय. तो नवा माणूस गोठ्यात येऊन हाच प्रश्न विचारेल आणि आपण हेच उत्तर देणार असू, तर कोणी येऊन उपयोग काय? आणि ताई जिथे जातील तिथे त्यांच्याआधी आपला कागद पोचलेला असेल. त्या तिथे कोणाच्या गाईला हात लावतील तेव्हा लोक त्यांच्या पाठीमागे काय कुजबुजतील?

ताई, एक विनंती तुम्हालाही. पुढच्या गावात तो प्रश्न जरा हळू विचारा. तुमच्या आवाजाला घाबरून माणूस खोटं बोलतो, आणि त्याची शिक्षा गाय भोगते. लहान तोंडी मोठा घास झाला, पण तुम्हीच मला सांगायला शिकवलंत.

आणि अध्यक्ष महाराज. तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात, पण मी तुमच्याशीच बोलतेय. तुम्ही वाईट माणूस नाही. वाईट माणसाला झोप लागते. तुम्ही अजून थोरलीच्या जागेवर दुसरं जनावर बांधू देत नाही, तिचा खुंटा तसाच ठेवलाय, आणि धार काढताना त्या बाजूला पाठ करून बसता. मी विचारलं तर म्हणता, ऊन येतं. गोठ्यात त्या बाजूला ऊन येत नाही. तुम्ही जे केलंत ते तिला वाचवायला केलंत, तिथे उभ्या असलेल्या कोणीही तेच केलं असतं. पाजल्याबद्दल तुम्हाला कोणी बोल लावणार नाही. आणि लावला तर त्याला मी विचारीन, तुझ्या सदऱ्यावरचा ओघळ कुठे आहे.

मंडळी, वेळ बराच घेतला. या कार्यक्रमाला ज्यांनी ज्यांनी हात लावला, ज्यांची नावं घेतली आणि ज्यांची घ्यायची राहिली, त्या सर्वांचे मनापासून आभार. साहेब, आणखी थोडा वेळ थांबा, तुमच्या ऐकण्यासारखं अजून बाकी आहे. मी अडाणी बाई, व्यासपीठावर कसं बोलावं ते कळत नाही. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. आणि अध्यक्षांनी आता उठून जे सांगायचं आहे ते सांगितलं, तर त्यांनाही करावी.

मी खाली जाऊन बसत नाही. इथेच, त्यांच्या शेजारी उभी राहते. ताई, तुम्ही तुमचा प्रश्न विचारा. अहो, उठा. हा घ्या माइक.